आर्व्हो कांगासला कुणी पाहिलं?

ज्यूरीचं बोलावणं आलं की अमेरिकेच्या उत्तरेतल्या आमच्या पोर्ट हॅलोरनमध्ये घराघरांत एकच चर्चा होते, ती म्हणजे यातून सुटायचं कसं. कुणाची पाठ अचानक धरते, कुणाला ऐकू येईनासं होतं, कुणाची इतकी वर्षं ठणठणीत असलेली आत्या एकाएकी अंथरूण धरते. आणि बोलावणं नोव्हेंबरात आलं, तर मग विचारूच नका. पंधरा तारखेला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्या दिवशी इथे शाळांनासुद्धा सुट्टी असते. अशा वेळी माणसाला कोर्टात बसवणं म्हणजे लग्नघरातून नवरदेवालाच बाजारात पिटाळण्यासारखं आहे.

आयली कोर्पीला ते बोलावणं नोव्हेंबरातच आलं. बंदरावरची पेस्टीची बेकरी तिची. मांस-बटाटा भरलेल्या तिच्या पेस्ट्या खाऊन निम्मं गाव वाढलं आहे. तिचा नवरा वेस टेबलाशी बंदूक पुसत बसला होता.

"तिथं सांग, पोलीस ज्याला धरतात तो गुन्हेगारच असतो असं माझं मत आहे. लगेच घरी धाडतील," वेस म्हणाला.

"शपथ घेऊन खोटं बोलू?"

"खोटं कसलं त्यात? तुला तसंच वाटतं की."

वेसचं म्हणणं खरं होतं. आग असल्याशिवाय धूर दिसतो होय, असं आयली गल्ल्यावर बसून शंभरदा बोललेली होती. तुम्ही-आम्हीही बोलतोच. पण नवऱ्याने तोंडावर ऐकवलं ते तिला झोंबलं. कोर्टात न्यायाधीशबाईंनी विचारलं, "तुम्ही मोकळ्या मनाने ऐकाल का?" तेव्हा तिने ताठ मानेने "हो" म्हटलं, आणि ती निकाल द्यायच्या बारा जणांच्या ज्यूरीत बसली.

खटला होता कार्व्हर्स लँडिंगच्या आगीचा. तांब्याची खाण बंद पडल्यापासून सरोवराकाठचं ते गाव ओस पडत गेलं. शेवटी उरली होती दहा-बारा घरं आणि पोस्ट. एप्रिलात ते पोस्ट जळालं. टपालाच्या पिशव्या ओढून काढताना पोस्टमास्तरीण आयडा हिचे दोन्ही हात भाजले. आता तिला कपाची बशीही धरता येत नाही.

चोऱ्यामाऱ्या, घटस्फोट, शेजाऱ्याचं कुंपण, असली भांडणं आमच्याकडे राज्याच्या कोर्टात जातात. पण पोस्ट साऱ्या देशाचं. त्याला कुणी आग लावली की खटला फेडरल कोर्टात, म्हणजे देशाच्या कोर्टात चालतो. कागदावर एका बाजूला लिहिलेलं असतं 'अमेरिकेची संयुक्त संस्थानं' आणि दुसऱ्या बाजूला त्या एकट्या माणसाचं नाव. इथे ते नाव होतं आर्व्हो कांगास.

आर्व्हो पन्नाशी उलटलेला, एकटा राहणारा माणूस. त्याचं घर पोस्टाच्या समोर, रस्त्यापलीकडे. एका बाजूला कललेली मान, अंगात बारा महिने तोच पिवळट जाड कोट. पत्र वेळेवर दिलं नाही म्हणून तो आयडावर ओरडला होता. त्याच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, खोपटात रॉकेलचा डबा सापडला होता, पण तो इथे कुणाच्या खोपटात नसतो? खरा पुरावा एकच होता. बर्फ सारण्याची गाडी चालवणारा डेल प्रूएट शपथेवर म्हणाला होता, "आगीच्या जरा आधी, तिन्हीसांजेला, मी त्याला पोस्टाच्या मागे उभा पाहिला. तोच कोट, तीच मान. चेहरा माझ्याकडेच होता. मी पैजेवर सांगतो, तो आर्व्होच."

दोष सिद्ध झाला तर निदान पाच वर्षं तुरुंग. वीससुद्धा होऊ शकली असती.

कोर्टात आर्व्हो निळ्या सुटात बसे. सूट दुसऱ्याच कुणाच्या मापाचा वाटे. ज्यूरी आत यायची तेव्हा तो आधीच बसलेला असे. ज्यूरी बाहेर जायची तेव्हाही बसलेलाच. आयलीने त्याला उभा राहिलेला, चाललेला, पाणी आणायला उठलेला कधी पाहिलाच नाही. सगळे गेल्यावरही हा इथेच, याच खुर्चीत मान कलवून बसून राहत असेल, असं तिच्या मनात आलं आणि तिला कसंतरीच झालं.

रोज कोर्ट उठताना न्यायाधीशबाई बजावायच्या, "खटल्याबद्दल कुणाशी बोलू नका. बातम्या वाचू नका. घटनेच्या जागी जाऊ नका. तुम्ही ठरवायचं ते फक्त या खोलीत ऐकलेल्यावर." इतक्यांदा बजावलं की कुणी ऐकेनासं झालं.

रविवारी दुपारी आयली वेसचं सामान रानातल्या शिकारीच्या झोपडीत पोचवायला निघाली. आमच्याकडे हंगामाआधीच्या रविवारी सगळ्या बायकांच्या गाड्या त्याच रस्त्याला असतात. सामान टाकून तिन्हीसांजेला परतताना कार्व्हर्स लँडिंगचा फाटा लागला. आता हे फक्त आमच्याकडचंच माणूस करेल. इथे लांबच्या रस्त्याने जाताना ओळखीचं जळकं घर, पडलेली खाण, बुडालेली होडी दिसली की गाडी थांबवून बघायचीच, अशी आमची खोड. त्यात काही पाप आहे असं कुणाला वाटत नाही. आयलीलाही वाटलं नाही. तिने गाडी वळवली.

सरोवरावरून धुकं वर चढत होतं. रस्त्यावर ताज्या भुरभुर बर्फाचा पातळ थर होता. सातआठ महिने उलटूनही पोस्टाच्या भिंतींना ओल्या राखेचा वास येत होता. छप्पर गेलेलं होतं. आत काउंटर उभा होता, आणि त्यामागे टपालपेट्यांची ती लोखंडी भिंत, एकावर एक रचलेली चिमुकली दारं, कुलपं वितळलेली.

त्यातलं एक दार हलकेच लागलं. मग त्याच्या शेजारचं लागलं, आणि मग त्याच्या शेजारचं. वारा मुळीच नव्हता. कुणीतरी आपापलं टपाल घेऊन दार लावून जावं तशी ती एकामागून एक लागत गेली.

काउंटरमागे कुणीतरी उभं होतं. पिवळट कोट, कललेली मान.

"मिस्टर कांगास?" आयलीच्या तोंडून निघालं.

त्याने सावकाश चेहरा वळवला. ओळखायला चूक होणं शक्यच नव्हतं. आठवडाभर ती तो चेहरा समोर बघत होती. त्याने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि मग तिच्या पलीकडे, रस्त्याकडे पाहत राहिला. तिथे थांबायची आयलीची छाती झाली नाही. ती पळत गाडीत येऊन बसली आणि तिने किल्ली फिरवली.

घरी येईपर्यंत भीतीचा राग झाला होता. मेल्याने आयडाचे हात जाळले आणि वर त्या राखेत जाऊन उभा राहतो! निर्दोष माणूस तिथे कशाला जाईल? आयलीच्या मनात आता शंका नावालाही उरली नव्हती.

सोमवारी दोन्ही वकिलांची भाषणं झाली आणि ज्यूरी आपल्या खोलीत बसली. दुसऱ्या दिवशी हंगाम उघडणार होता. बऱ्याच जणांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. प्रमुख म्हणून त्यांनी व्हर्नन ट्रेंबाथना निवडलं. निम्म्या गावाला त्यांनी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं होतं आणि निम्म्या गावाला नापासही केलं होतं. सगळे त्यांना अजून मास्तरच म्हणतात.

हात वर झाले. बहुतेक सगळे 'दोषी'. मास्तरांचा हात खालीच होता, आणि निकाल एकमतानेच द्यावा लागतो.

"मास्तर, अहो मोठ्या ज्यूरीने आधीच त्याला आरोपी ठरवलंय ना?" एक जण वैतागून म्हणाला. "उगाच का एवढं सगळं आपल्यापर्यंत आलं?"

"तू तेव्हाही धडा न वाचता यायचास," मास्तर म्हणाले. "मोठी ज्यूरी बंद दाराआड सरकारचीच बाजू ऐकते. खटला उभा करण्याइतपत काहीतरी आहे, एवढंच ती सांगते. गुन्हा केलाय असं ती म्हणत नाही. तो सरकारने सिद्ध करायचा, तोही असा, की समजूतदार माणसाच्या मनात रास्त शंका राहू नये. आर्व्होला काहीही सिद्ध करायचं नाहीये. तो नुसता बसून राहिला तरी चालतं."

"आपलं चुकलंच तर वर अपील आहे की," दुसरी म्हणाली. "सिनसिनाटीला आहे, मग वॉशिंग्टनला आहे."

"वरचं कोर्ट साक्षीदाराचं तोंड बघत नाही, बाई. इथे कायदा नीट पाळला का, एवढं ते कागदांवरून बघतं. डेल प्रूएट खरं बोलला की त्याची चूक झाली, हे तिथे कुणी पुन्हा ठरवत बसत नाही. ते ठरवणारे आपणच, आणि आपल्यानंतर कुणी नाही." मास्तर आयलीकडे वळले. "आयली, तू कधीची गप्प आहेस. तुझी एवढी खात्री कशावरून?"

"मला माहीत आहे म्हणून."

"कशावरून?"

"मी सांगितलं तर तुम्ही सगळे आत्ता हात वर कराल." दोघं-तिघं खुर्च्या पुढे ओढून बसले. "सांग की," कुणीतरी म्हणालं.

मास्तरांनी टेबलावर तळहात आपटला. "नाही! एक शब्द बोलू नकोस. कोर्टात जे आलं नाही ते तुला ठाऊक असेल, तर ते आम्हाला सांगायचं नाही. न्यायाधीशबाईंना सांगायचं."

"पण ते खरं आहे, मास्तर. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"असेल. डेल प्रूएटनेही डोळ्यांनीच पाहिलं. पण तो सगळ्यांसमोर उभा राहिला, आणि आर्व्होच्या वकिलीणबाईंनी त्याला तासभर सोलून काढला. उजेड किती होता, किती लांब होतास, चष्मा होता का. तू इथे दार लावून आमच्या कानात सांगणार, आणि तो बाहेर बसलेला माणूस तुला एकही प्रश्न विचारू शकणार नाही. आपल्याविरुद्ध काय बोललं गेलं हे त्याला कळणारसुद्धा नाही. असा न्याय तुझ्या पोराला मिळाला तर चालेल तुला?"

आयलीला त्यांचा राग आला, पण पोराचं नाव निघाल्यावर तिला तिथे बसवेना. ती उठली आणि तिने दारावरच्या शिपायाला हाक मारली.

न्यायाधीशबाईंच्या दालनात दोन्ही वकील उभे होते. आयलीने सगळं सांगितलं, फाट्यापासून किल्लीपर्यंत. न्यायाधीशबाईंनी तिला चांगलीच झापली. कोर्टाची आज्ञा मोडणं ही शिक्षेची गोष्ट आहे हे ठाऊक आहे का, असं विचारलं.

"किती खात्रीने सांगता, तो आर्व्हो कांगासच होता?" शेवटी त्यांनी विचारलं.

"बायबलवर हात ठेवून सांगते."

सरकारी वकील खिडकीबाहेर बघू लागले. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.

"मिसेस कोर्पी, तुम्ही आता ज्यूरीत नाही, म्हणून सांगते. ज्यूरीचं मन कलुषित होऊ नये म्हणून ही गोष्ट आम्ही ज्यूरीपासून लपवतो. त्यासाठीच त्याला सूट देतात, त्यासाठीच तुम्ही येण्याआधी त्याला आणून बसवतात. अटक झाल्यापासून, म्हणजे एप्रिलपासून, आर्व्हो कांगास तुरुंगात आहे. रविवारी दिवसभर तो कुलपाआड होता. पहाऱ्यावरच्या माणसांनी त्याला जेवण दिलं, कैद्यांत मोजलं. त्या दिवशी तो तिथून हललाच नाही."

आपण कुणाला पाहिलं, हा विचार आयलीच्या मनात नंतर आला. त्याआधी तिला दिसली ज्यूरीच्या खोलीतली, पुढे ओढलेल्या खुर्च्यांवरची ती माणसं. तिने तोंड उघडलं असतं तर एव्हाना त्या सगळ्यांचे हात वर गेले असते.

वकिलीणबाईंच्या मागणीवरून खटला रद्द झाला. नवी ज्यूरी बसवून तो फेब्रुवारीत पुन्हा चालवायचं ठरलं. जुनी ज्यूरी घरी गेली आणि सकाळी शिकारीला पळाली.

"सगळ्या गावाला सुट्टी मिळवून दिलीस," वेस म्हणाला, पण तिचं तोंड बघून पुढची थट्टा त्याने गिळली. त्या हिवाळ्यात आयली संध्याकाळ झाली की बेकरीचे पडदे ओढून घ्यायची.

डिसेंबरात तिच्या हातात समन्स पडलं. आर्व्होच्या वकिलीणबाईंना ती साक्षीदार म्हणून हवी होती. बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो? आयडाची बहीण बेकरीत आली आणि भर गिऱ्हाइकांत म्हणाली, "आयडाचे हात जाळणाऱ्याला सोडवायला निघालीस ना? शाब्बास. तुझ्या पेस्ट्या लखलाभ तुलाच." ती गेली आणि तिच्यामागून आणखी दोघी गेल्या.

मास्तर कोपऱ्यात कॉफी पीत बसले होते. आयली त्यांच्यासमोर येऊन बसली.

"मास्तर, मी नाही जाणार. लोक मला वेडी तरी म्हणतील नाहीतर विकली गेली म्हणतील. आणि तेव्हा तुम्हीच म्हणालात, बोलू नकोस."

"तेव्हा म्हणालो, कारण तू न्याय करायला बसली होतीस. न्याय करणाऱ्याने गुपित बाळगून बसायचं नसतं. आता तू साक्षीदार आहेस. आता शपथ घे, उजेडात उभी राहा, आणि दोन्ही बाजूंना वाटेल ते विचारू दे. वेडी ठरलीस तर ठरलीस. तो माणूस एप्रिलपासून आत आहे, आयली. तू बेकरीचं काय घेऊन बसलीस?"

ती गेली. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा आयडा पहिल्याच बाकावर होती, हातमोजे घालून. आयलीने रविवार सांगितला. या वेळी आर्व्हो तुरुंगात होता हे ज्यूरीला कळावं, असं त्याच्या वकिलीणबाईंनीच ठरवलं होतं. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने तशी साक्षही दिली होती.

सरकारी वकील उलटतपासणीला उठले. "मिसेस कोर्पी, धुकं होतं. तिन्हीसांज होती. तुम्ही घाबरला होता. तुमची चूक झाली, एवढंच ना?"

"झालीच असणार. पण साहेब, तेव्हा माझी तितकीच खात्री होती, जितकी मिस्टर प्रूएटची आहे. मी पैजेवर सांगितलं असतं."

ज्यूरीतल्या एका बाईने डेल प्रूएटकडे वळून पाहिलं.

"तिथे कुणीतरी वाटसरू उभा असेल," वकील म्हणाले. "बर्फ पडलेला होता. मग त्या माणसाच्या पावलांचे ठसे तुम्ही पाहिलेच असतील?"

आयली उत्तर द्यायला गेली आणि थांबली. हा प्रश्न तिला तोवर कुणी विचारलाच नव्हता, तिने स्वतःलाही नाही. तिने डोळे मिटले. पोस्टाचा उंबरा, आतली जमीन, छप्पर नसल्यामुळे काउंटरपर्यंत पसरलेला तो पांढरा थर.

"ठसे होते," ती म्हणाली. "रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत. ते माझे होते. आत काहीच नव्हतं. सगळं कोरं होतं."

सरकारी वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला नाही, ते खाली बसले.

निकाल 'दोषी नाही' असा लागला. याचा अर्थ आर्व्होने आग लावली नाही असं कोर्टाने छातीठोकपणे सांगितलं, असा होत नाही. सरकारला ते सिद्ध करता आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण तेवढ्यावर माणूस घरी जातो, आणि जायलाच हवा. आयडा उठून आयलीच्या समोर आली. शिव्या ऐकायची तयारी आयलीने केली होती. आयडा म्हणाली, "म्हणजे मग कुणी केलं, हे मला कुणीच सांगणार नाही," आणि बहिणीचा दंड धरून निघून गेली. ते आमच्यापैकी कुणालाच आजवर कळलेलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर आर्व्हो तिची वाट बघत उभा होता. तिने त्याला पहिल्यांदाच उभा पाहिला. अंगावर तोच परक्या मापाचा सूट होता. पिवळट कोट पुराव्यात जमा होता, एप्रिलपासून.

"मिसेस कोर्पी, तुमचे उपकार आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. "एक विचारू? तुमच्याकडे बघून झाल्यावर तो कुठे बघत होता?"

"रस्त्याकडे. रस्त्यापलीकडे."

"म्हणजे माझ्या घराकडे." त्याने मान डोलावली. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. "मला वाटलंच होतं. मी अटकेच्या आधी सांगत होतो, की संध्याकाळी माझ्यासारखाच कुणीतरी तिथे उभा असतो. पोलिसांना सांगितलं, डेललाही सांगितलं. सगळे हसले."

तो कार्व्हर्स लँडिंगला परत गेला नाही. बहिणीकडे विस्कॉन्सिनला गेला. त्याचं घर तसंच बंद पडलं आहे, आणि संध्याकाळी त्या फाट्याला आता कुणी गाडी वळवत नाही.

आयलीला पुढे लोक विचारायचे, ते काय होतं, भूत होतं की भास? ती सरळ सांगते की मला माहीत नाही. गल्ल्यावर बसून "आग असल्याशिवाय धूर दिसतो होय" हे मात्र ती आता बोलत नाही, आणि दुसरं कुणी बोललं तर त्याला बसवून ही सगळी गोष्ट ऐकवते. वेसलाही परवा ज्यूरीचं बोलावणं आलं, नोव्हेंबरातच. त्याची पाठ धरू लागली होती. आयलीने त्याची बंदूक कपाटात ठेवून कुलूप लावलं.

नागरिकहो, माझं म्हणणं एवढंच आहे. आपली खात्री ही आपल्या मनातली गोष्ट आहे, आणि ती कितीही पक्की असली तरी तिच्यावर दुसऱ्याची वीस वर्षं लिहून देता येत नाहीत. जे ठाऊक आहे ते उजेडात सांगा, त्यावर प्रश्न विचारू द्या, आणि ज्याच्यावर बोट रोखलं आहे त्याला उत्तर देऊ द्या. कोर्टाने बोलावलं तर आजारी आत्या शोधू नका. तुम्ही गेला नाहीत तर तुमच्या जागी बसणाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे असेल, आणि त्या दिवशी खुर्चीत मान कलवून बसलेला माणूस तुमचाच कुणीतरी असेल.